हीटर प्लग, मॅनिफोल्ड हीटर, ब्लॉक हीटर की स्प्रे? थंडीत न उठणाऱ्या डिझेल इंजिनासाठी काय घ्यावं

थंडीत सेल्फ मारूनही इंजिन उठत नसेल, तर दुकानात जाण्याआधी एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. सेल्फ फिरत असताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरात पोहोचतंय, पण पेटत नाही. उष्णता कमी पडते आहे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही: लाइनने एअर धरलीय, फिल्टर तुंबलाय किंवा डिझेल घट्ट झालंय. या दुसऱ्या दुखण्यावर हीटर प्लग किंवा मॅनिफोल्ड हीटर बसवून काडीचाही उपयोग होत नाही. पुढची सगळी तुलना पांढऱ्या धुराच्या इंजिनासाठी आहे.

पेट्रोल इंजिनाला थंडीत मिश्रण दाट लागतं, म्हणून तिथे चोक. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच ते पेटतं. थंडीत ही उष्णता तीन बाजूंनी मार खाते. आत येणारी हवा मुळात गार असते, सिलिंडरच्या गार भिंती दाबलेल्या हवेतली ऊब ओढून घेतात, आणि दाट झालेलं ऑइल व मंदावलेली बॅटरी यांमुळे इंजिन सावकाश फिरतं. सावकाश फिरलं की दाबलेली हवा गार व्हायला आणि पिस्टन रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो. म्हणून पहिला खर्च बॅटरीवर करावा, हे आमचं ठाम मत आहे. सेल्फ चालू असताना मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांवर लावा. रीडिंग ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. मग इंजिनाच्या बॉडीला जाणारी अर्थची वायर काढून दोन्ही टोकं घासून साफ करा. कित्येक ट्रॅक्टरांचं ‘थंडीचं दुखणं’ इथेच संपतं.

आधी इंजिनाची जात ओळखा

काय घ्यायचं हे इंजिनाच्या रचनेवर ठरतं. जुन्या टेम्पो ट्रॅक्समधलं मर्सिडीज घराण्याचं ओएम ६१६ किंवा महिंद्राच्या जुन्या जीपमधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० ही इनडायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आहेत. त्यांत डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या खोलीत फवारलं जातं. त्या खोलीच्या भिंतींचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) २०च्या पुढे असूनही ही इंजिनं साध्या गारव्यात हीटर प्लगशिवाय रुसतात. ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपाची बहुतेक इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची असतात. डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत पडतं, उष्णता कमी वाया जाते. कॉम्प्रेशन चांगलं आणि बॅटरी धड असेल तर ती ५ अंशांच्या आसपास विनामदत उठायला हवीत.

हे ओळखायला हेड उघडावं लागत नाही. इनडायरेक्ट इंजिनाच्या हेडवर प्रत्येक नोझलशेजारी (डिझेल फवारणाऱ्या भागाशेजारी) एकेक प्लग असतो आणि सगळ्यांना जोडणारी धातूची पट्टी असते. बऱ्याच ट्रॅक्टरांत हेडवर काहीच नसतं. एखादी जाड वायर इनलेट मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळीकडे, गेलेली दिसते, कधी तीही नसते. नवीन कॉमन रेल गाड्यांत (जिथे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल मिळतं) डायरेक्ट इंजेक्शन असूनही प्लग असतात. तिथे ते कंट्रोल युनिटच्या हुकमावर चालतात, बाहेरून छेडछाड करू नये.

हीटर प्लग

नळीच्या टोकात हीटिंग कॉइल, तिच्या मागे करंट आवरणारी दुसरी कॉइल, आणि दोन्हींभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, अशी याची रचना. टोक ८५० ते १००० अंशांपर्यंत तापतं. सिरॅमिक प्लग १३०० अंशांच्या आसपास जातात. उष्णता हवी तिथेच, फवाऱ्याच्या वाटेवर मिळते. म्हणूनच कमी विजेत इतका परिणाम दुसऱ्या कशाचा नाही. जुन्या धर्तीचा १२ व्होल्टचा प्लग सुरुवातीला २० ते ३० अँपियर घेतो आणि तापला की १० ते १५वर स्थिरावतो. १० ते २० सेकंद हीटर मारला की पुरे. मिनिटभर मारून बसणारे बॅटरीच उतरवून ठेवतात.

तपासणी सोपी आहे. जोडपट्टी काढा, नाहीतर सगळे प्लग एकत्र मोजले जातील. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा. जो आकडा दिसेल तो नंतर वजा करायचा. मग प्लगचं डोकं आणि इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये मोजा. ०.५ ते १.५ ओहम आलं तर प्लग जिवंत. काहीच रीडिंग नसेल तर गेला. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावून टोक प्लगच्या डोक्यावर टेकवा. दिवा लागला म्हणजे कॉइल सलग आहे. चारही प्लग ठीक असून ते तापत नसतील तर रिले, मोठा फ्यूज आणि पट्टीवरचे सैल नट बघा. फार जुन्या इंजिनांत उघड्या तारेचे प्लग एकामागे एक असे सिरीजमध्ये जोडलेले असतात. तिथे एक गेला की सगळे मुके होतात.

खरा धोका प्लग काढण्यात आहे. वर्षानुवर्षांच्या काजळीने तो हेडमध्ये धरलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी इंजिन गरम करा आणि मग टॉर्क पान्याने सोडवा. एम १० आट्याच्या प्लगला ३५ न्यूटन-मीटरच्या पुढे आणि एम ८ला २०च्या पुढे जोर लावू नका. एवढ्यावर नाही सुटला तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा गरम. तुटला तर हेड उतरवावं लागतं. बसवताना भोकातली काजळी साफ करून एम १०ला साधारण १५ आणि एम ८ला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात.

काढलेलं टोक नीट न्याहाळा. ते फुगलेलं असेल तर जास्त व्होल्टेज गेलंय: चिकटलेला रिले, किंवा अडलेली गाडी ट्रकच्या २४ व्होल्टवर जोडून सुरू करण्याचा प्रताप. टोक वितळून झिजलं असेल आणि फक्त त्याच एका सिलिंडरचं, तर तिथला नोझल फवारा न मारता पिचकारी मारतोय. नोझल तपासल्याशिवाय नवा प्लग घातला तर तोही तसाच जाईल.

मॅनिफोल्ड हीटर

डायरेक्ट इंजेक्शनच्या ट्रॅक्टरला हा खरा जोडीदार. याचे दोन प्रकार आहेत. पर्किन्स घराण्याच्या इंजिनांवर जो थर्मोस्टार्ट असतो, तो चक्क मॅनिफोल्डमध्ये छोटी ज्योत पेटवतो. कॉइल तापली की आतली नळी प्रसरण पावते, गोळीचा व्हॉल्व्ह उघडतो, थेंब थेंब डिझेल कॉइलवर पडून पेटतं आणि सेल्फ मारल्यावर ती गरम हवा आत ओढली जाते. १५ ते २० सेकंद हीटर, मग हीटर चालू ठेवूनच सेल्फ. १२ अँपियरच्या आसपास विजेत एवढी ऊब देणारं हे गुणी साधन आहे. पण डिझेलची बारीक नळी बुजलेली किंवा तोडून ठेवलेली असेल तर कॉइल कोरडी तापून जळते. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर ती नळी कुणीतरी ‘गळते’ म्हणून बंद केलेली आढळते. तपासायला मॅनिफोल्डची हवेची नळी सोडवा आणि कुणाला तरी हीटर मारायला सांगा. २० सेकंदांत आत लाल कॉइल आणि मग ज्योत दिसली पाहिजे. लाल दिसते पण ज्योत नाही, याचा अर्थ डिझेल येत नाही. हे करताना शेजारी कापूस, चिंध्या, डिझेलचा डबा नको.

दुसरा प्रकार जाळीच्या पट्ट्यांचा. यात ज्योत नसते, हवा नुसत्या विजेवर तापते, आणि वीज मात्र भरपूर लागते. कमिन्सच्या ५.९ लिटर पिकअप इंजिनात अशा दोन पट्ट्या मिळून १८० अँपियरच्या घरात करंट ओढतात. लहान ट्रॅक्टरच्या एका बॅटरीवर असलं काही वरून बसवू नये. कंपनीने दिलेलं असेल तर जाड वायर आणि सोलेनॉइडची टोकं दर हिवाळ्याआधी घट्ट करा.

| साधन | तापतं काय | किती वेळ आधी | वीज | कुणासाठी |
|---|---|---|---|---|
| हीटर प्लग | सिलिंडरच्या आतली फवाऱ्याची जागा | १०–२० सेकंद | दर प्लगला १०–१५ अँपियर | हेडमध्ये प्लगची जागा असलेली इंजिनं |
| थर्मोस्टार्ट | आत जाणारी हवा | १५–२० सेकंद | सुमारे १२ अँपियर | डायरेक्ट इंजेक्शनचे ट्रॅक्टर |
| जाळीचा हीटर | आत जाणारी हवा | १०–३० सेकंद | शंभरावर अँपियर | मोठी इंजिनं, दणकट बॅटरी |
| ब्लॉक हीटर | कूलंट आणि ब्लॉक | २–४ तास | २३० व्होल्ट, ४००–१००० वॉट | शून्याखालचा मुक्काम |

ब्लॉक हीटर

ब्लॉकच्या वॉटर प्लगच्या जागी बसून हा थेट कूलंट तापवतो. ऑइलही काहीसं सैल होतं, सेल्फ हलकी फिरते, झीज वाचते. परिणामात याची बरोबरी बाकी कुणी करत नाही. ५०० वॉटचा हीटर तीन तास ठेवला तर दीड युनिट वीज जाते. ती खटकण्यासारखी नाही. खटकते ती विजेची वेळ. आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते आणि ट्रॅक्टर अनेकदा शेडपासून दूर उभा असतो. ओल्या अंगणात वायर ओढायची तर अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) हवाच. कूलंट भरून एअर काढण्याआधीच हीटर लावला तर तो काही क्षणांत जळतो. नाशिक-पुण्याच्या थंडीसाठी याची गरज नाही. लेह, स्पिती किंवा कॅनडा-स्वीडनला राहणाऱ्यांनी मात्र हाच आधी घ्यावा, सोबत पाण्याशी ५०-५० प्रमाणातला इथिलीन ग्लायकॉल कूलंट. तो उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही.

ईथरचा स्प्रे

स्वस्त, झटपट, आणि इंजिनाचा वैरी. ईथर १६० अंशांच्या आसपास आपोआप पेटतं. डिझेलला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून थंड इंजिनही ईथरवर लगेच भडकतं. पण पिस्टन वर येत असतानाच ते पेटलं तर धक्का उलटा बसतो. रिंगांच्या खाचा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात, सिलिंडरवरचा ऑइलचा थर धुऊन निघतो. हीटर प्लग किंवा मॅनिफोल्ड हीटर असलेल्या इंजिनात स्प्रे मारणं म्हणजे तापलेल्या कॉइलवर ईथर सोडणं. मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो आणि एअर क्लीनरची नळी उडते. रोज स्प्रे लागत असेल तर इंजिन कॉम्प्रेशन गमावून बसलंय. आमच्या मते शेतकऱ्याने हा डबा घेऊच नये.

ऑइल चेंबरखाली पाचट पेटवणंही तितकंच वाईट. गळतीचं ऑइल आणि वायरिंग दोन्ही तिथेच असतात.

आणि डिझेलच घट्ट झालं तर

भारतीय मानकात फिल्टरमधून डिझेल जाण्याची थंडीची मर्यादा, सीएफपीपी, हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश अशी आहे. हिवाळी म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबरात टाकी भरून उभा ठेवलेला ट्रॅक्टर जानेवारीत निफाडच्या ४ अंशांत अडतो तो यामुळे. डिझेलमधलं मेण फिल्टरच्या कागदावर साचतं. अशा वेळी फिल्टरला फडकं गुंडाळून त्यावर गरम, पण उकळतं नव्हे, असं पाणी ओता. डिझेल पंपावर चुकूनही ओतू नका. बाहेरचं अंग आधी प्रसरण पावून आतले बारीक मापाचे भाग धरू शकतात. ऑक्टोबरात टाकी निम्म्यावर आणून नोव्हेंबरात नवं डिझेल भरलं तर हा खेळ सहसा करावा लागत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. तिकडे गाडी नेणाऱ्यांनी खालून भरून नेलेल्या टाकीवर भिस्त ठेवू नये.

मग घ्यायचं काय

जुनी ट्रॅक्स किंवा जीप असेल तर चारही हीटर प्लग एकदम बदला आणि नोझल तपासून घ्या. थर्मोस्टार्ट असलेला ट्रॅक्टर असेल तर नवं काही घेऊ नका, आधी त्याची डिझेलची नळी मोकळी करा. कॉइल गेली असेल तर तेवढा सुटा भाग बदला. हीटरची सोयच नसलेल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या ट्रॅक्टरला चांगली बॅटरी, स्वच्छ अर्थ आणि मॅन्युअलमध्ये थंडीसाठी सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल द्या. तरीही पहाटे अडला तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली ते गेलं असेल तर हीटरचे पैसे रिंग आणि व्हॉल्व्हच्या कामात घाला. हँडल मारून उठणाऱ्या पंपाच्या इंजिनाला यातलं काहीच लागत नाही. डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरातला दाब सोडणारा) लिव्हर उचलून आठ-दहा फेऱ्या जोरात द्या आणि वेग धरला की मगच लिव्हर सोडा.