जुन्या गाडीला ‘चोर-स्विच’ बसवून देणाऱ्यापासून सावध: माझे २२,५०० रुपये गेले

नागपूरच्या कंपनीचा माणूस म्हणून कोणी तुमच्या गावात आला आणि जुन्या पद्मिनीला, ॲम्बेसेडरला किंवा जीपला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप लावून चोर-स्विच, म्हणजे चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून लपवलेलं पेट्रोल तोडायचं बटण, बसवून देतो म्हणाला, तर त्याला बोनटला हात लावू देऊ नका. माझ्याकडून त्याने २२,५०० रुपये नेले. वडिलांच्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीचा मूळ पंप नेला. आणि मागे जे लावून गेला, त्याने माझं घर जळालं असतं.

कल्पनाच खुळी होती, असं मला आता जो तो ऐकवतो. ती खुळी नव्हती. पद्मिनीचा मूळ पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो. इंजिन फिरलं की पेट्रोल आपोआप ओढलं जातं. त्यामुळे चोराला चावीची गरजच नाही. बॅटरीपासून ठिणगी देणाऱ्या कॉइलला एक वायर जोडायची, स्टार्टर फिरवायचा, गाडी निघाली. पेट्रोल इलेक्ट्रिक पंपाने दिलं आणि त्याची वीज लपवलेल्या स्विचने तोडली, तर इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणाऱ्या कार्बोरेटरच्या चेंबरात उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जाते आणि भर रस्त्यात बंद पडते. चोर तिथे बोनट उघडून बसत नाही. आम्ही वरुड-मोर्शी पट्ट्यातले. इथून मध्य प्रदेशची हद्द जवळ, आणि एकदा गाडी पलीकडच्या भंगारात कापली गेली की शोधायचं काय? आठवडी बाजारातून गाड्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. वडिलांची गाडी जपावी असं वाटण्यात माझं काय चुकलं?

तो आला तोही नेमका आंबिया बहाराची संत्र्याची बाग व्यापाऱ्याला दिली तेव्हा. हातात इसार आलेला. या लोकांना हंगाम बरोबर ठाऊक असतो. ओळखीच्या दुकानदाराबरोबर आला, गळ्यात ओळखपत्र, छापील कार्ड, बिलबुक. बोलायला गोड, वऱ्हाडी आपलीच. पंप आणि फिटिंगचे १८,५००, त्यातले ५,००० यूपीआयने आगाऊ, १३,५०० काम झाल्यावर रोख. शिवाय ४,००० रुपये ‘अँटी-थेफ्ट सर्टिफिकेट’चे, तेही यूपीआयने. सर्टिफिकेट दाखवलं की विम्यात सूट मिळते, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओ आता ते मागणारच, असं त्याने सांगितलं. माझं आरसी नूतनीकरणाला आलंच होतं.

यावर कसा विश्वास ठेवला, असं विचारणाऱ्यांनी जरा आठवावं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून एकदम ५,००० झाली. मग जुन्या गाड्यांना नवी नंबर प्लेट सक्तीची झाली, आणि तिच्याही खोट्या वेबसाइट निघाल्या. दरवर्षी एक नवा कागद लागतो. त्यात आणखी एक लागतो म्हटल्यावर खेड्यातला माणूस कोणाला विचारणार?

आता त्या दुपारचं लिहितो, कारण सगळं तिथेच डोळ्यांसमोर होतं.

काम संपवून त्याने गाडी चालू केली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलाच नाही. मी म्हटलं, जरा स्लोवर, ॲक्सिलरेटर न दाबता, चालू दे. तर म्हणाला, “नव्या पंपाले आधी प्रेशर धरू द्या काका.” मग चोर-स्विच बंद करून दाखवला. इंजिन थोडा वेळ चाललं, गचके देत बंद पडलं. बघायला जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला पेट्रोलचा वास आला होता. मी विचारलंही. “नवा पाइप हाय, दोन दिवस वास येईनच,” म्हणे. मग त्याने माझा जुना पंप फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकला. “हा कंपनीले जमा करा लागते. एक्स्चेंजचे अडीच हजार तुमच्या बिलातून आधीच कमी केले ना.”

तिथे मी त्याचा हात धरायला हवा होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा चालू पंप कोणती कंपनी परत घेते, आणि कशाला? मूळ पद्मिनीचे सुटे भाग आज सहजी मिळत नाहीत, शौकीन लोक त्यांची मागाल ती किंमत देतात. खरा माल तोच होता. शिवाय यूपीआयवर कंपनीचं नाव न येता एका बाईचं नाव आलं होतं. “अकाउंटवाल्या मॅडम हायेत,” हेही उत्तर तयार. पण उन्हात उभा माणूस, पुढ्यात चार लोक, गाडी डोळ्यांदेखत चालून दाखवलेली. अशा वेळी कोणीही पैसे देतो. शिकलेल्यांनीही त्याला दिले आहेत, हे मला नंतर कळलं.

चोर-स्विच स्टीअरिंगखाली होता आणि पंपाला वीज थेट बॅटरीतून त्याच स्विचमधून. म्हणजे चावी काढली तरी स्विच चालू राहिला की पंप चालूच. हे त्याने सांगितलंच नाही. घरच्यांपैकी कोणाकडून तरी एका संध्याकाळी स्विच चालू राहिला. पहाटे शेडमध्ये गेलो तर कार्बोरेटरवरून पेट्रोल सांडून इंजिन भिजलेलं, गाडीखाली थारोळं. त्याच टिनाच्या शेडमध्ये भिंतीला लागून कापसाची गंजी होती. कापूस! एखादी बिडी, दिव्याच्या बटणाची एक ठिणगी, बस होतं. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

आमच्या मिस्त्रीने सगळं उघडलं. डिक्कीखाली पट्टीने बांधलेला पंप कार्बोरेटर नसलेल्या, इंजेक्शनच्या गाडीतला, भंगारातून काढलेला. तसला पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असावा लागतो, त्यानेच तो थंड राहतो. कार्बोरेटरला दोन ते चार पीएसआय दाब पुरतो. हा चाळीसच्या आसपास देणारा. दाब कमी वाटावा म्हणून पाइपात बारीक भोकाची पितळी गोळी कोंबलेली. पाय ॲक्सिलरेटरवर असेपर्यंत इंजिन पेट्रोल पिऊन टाकतं. स्लोवर आलं की मागे तुंबलेला दाब कार्बोरेटरात पेट्रोल अडवणाऱ्या नीडलला उचलतो आणि पेट्रोल वरून वाहतं. म्हणून तो पाय काढत नव्हता. रिले (बारीक वायरच्या इशाऱ्यावर जास्त वीज जोडणारा स्विच) नाही, फ्यूज नाही, वायर दारावरच्या बेलला लावतात तसली, तिचं आवरण मऊ पडलेलं. जुना पंप काढलेल्या जागी टिनाचा तुकडा चिकटवलेला, तिथून ऑइल पाझरत होतं. कमी दाबाचा पंप, रिले, फ्यूज, वायर, नीडल आणि मजुरी मिळून वर ६,८५० रुपये लागले. एकूण २९,३५०.

सर्टिफिकेट विमा एजंटला दाखवलं. सूट खरी आहे, पण ती पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेल्या उपकरणालाच, तीही स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर अडीच टक्के आणि फार तर ५०० रुपये. माझा फक्त थर्ड पार्टी विमा; त्यावर काहीच नाही. आरटीओत खिडकीवरच्या बाबूने कागद न वाचताच परत सरकवला.

आणि पोलीस! ठाण्यात पहिला प्रश्न, “गाडी चोरीले गेली काय? नाही ना? मग काय चोरीले गेलं?” मी म्हटलं, पंप गेला, पैसे गेले, घर जळता जळता राहिलं. तर म्हणे पंप तुम्हीच दिला, पैसे तुम्हीच दिले, हा दिवाणी मामला आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचंच आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दखलपात्र आहे. हे मी सांगितल्यावर साहेबांना राग आला. अदखलपात्र म्हणून चार ओळी लिहिल्या, त्यातही पंपाचा उल्लेख नाही. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला. रोख रकमेशी त्यांचा संबंध नाही, आणि ९,००० मी स्वतः पिन टाकून दिलेले. बँकेत तेच वाक्य, फक्त काचेआडून. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे चांगलं आहे, पण समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली. मग पत्ता शोधायचा कोणी? पोलिसांनी. पोलीस म्हणतात, आयोगात जा. दोन्हीकडून शेतकऱ्याने एसटीचं तिकीट काढत फिरायचं आणि ज्याने लुटलं तो पुढच्या तालुक्यात दुकान मांडून बसलेला. ज्यांचा पगार याच कामाचा आहे, त्यांना चार प्रश्न विचारायचाही कंटाळा यावा, हे मला अजून गिळता येत नाही.

पोलिसांनी नाही म्हटलं म्हणून घरी बसू नका. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३(४) खाली तक्रार रजिस्टर पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. बिलावरचा जीएसटी नंबर मोजा: पंधरा अक्षरं लागतात, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि पोर्टलवर फुकट तपासता येतो. माझ्या बिलावर चौदाच होती. यूपीआयवर कंपनीऐवजी माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. काढलेला भाग, मोडका असला तरी, घराबाहेर जाऊ देऊ नका.

काम करून घ्यायचंच असेल तर आपल्या मिस्त्रीकडून. पंप कार्बोरेटरच्याच दाबाचा, टाकीजवळ खाली, आधी फिल्टर. बॅटरीतून निघालेल्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज, मग रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, ८७ च्या पिनवरून पंपाला. रिलेची ८५-८६ ची बारीक वायर चावीवरून आणा आणि चोर-स्विच त्या वायरमध्ये घाला, म्हणजे चावी काढली की पंप मेला. ऑइल प्रेशरचा स्विचही जोडा. अपघातात इंजिन थांबलं की पेट्रोलही थांबतं. स्लोवर गाडी पुरेसा वेळ चालवून, कार्बोरेटर कोरडा आहे हे बोटाने पाहूनच पैसे द्या. आणि त्या शेडमध्ये कापूस ठेवू नका.

माझ्या पंपाच्या कडेला वडिलांनी छिन्नीने मारलेल्या दोन आडव्या खुणा आहेत आणि वरच्या झाकणाचा एक स्क्रू पितळेचा आहे. अमरावती, नागपूर, वर्धा किंवा पलीकडे मुलताई-पांढुर्ण्याकडे असा पद्मिनीचा पंप कोणी विकायला आणला, तर घेऊ नका. विकणाऱ्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढा आणि पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी द्या.