फ्लिकरवर फोटो तपासून घेताना

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की पाच मिनिटांत अंगठे, फुले आणि ‘अप्रतिम’ यांचा पाऊस पडतो. पण फोटोत नेमके काय चुकले, हे आत्या किंवा साडू सांगत नाहीत आणि त्यांनी ते सांगावे ही अपेक्षाही रास्त नाही. आपले हौशी काम परक्या पण जाणत्या नजरेखाली जावे, या हेतूने मी चार वर्षांपूर्वी फ्लिकर या फोटो मांडण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडले. तेवढ्या काळाच्या नियमित वापरावर हे परीक्षण आधारलेले आहे.

फ्लिकर २००४ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते याहूने विकत घेतले आणि २०१८ पासून त्याची मालकी स्मगमग या कंपनीकडे आहे. वयाच्या खुणा त्याच्या रूपावर दिसतात. रील्सच्या काळात ते काहीसे वाचनालयासारखे, शांत आणि थोडे ओस पडल्यासारखे वाटते. मला मात्र ही शांतता सोयीची वाटली, कारण इथे येणारा माणूस बहुधा फोटो पाहायलाच आलेला असतो.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फोटोखाली दिसणारी एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोसोबत केलेली नोंद. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे होते) किती, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) किती, हे सारे तिथे नोंदलेले असते (आपण ते लपवले नसेल किंवा संपादनात गाळले गेले नसेल तर). त्यामुळे पाहणाऱ्याला ‘फोटो हलला आहे’ एवढ्यावर न थांबता तो का हलला, हेही सांगता येते.

याचा प्रत्यय मला भिगवणच्या एका फोटोने दिला. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पहाटे होडीतून काढलेला, पाण्यावरून झेपावणाऱ्या रोहित पक्ष्याचा तो फोटो मला स्वतःला फार आवडला होता आणि घरी त्याची मोठी प्रिंट लावण्याचा बेतही ठरला होता. समीक्षेसाठीच असलेल्या एका गटात तो टाकल्यावर एका अनोळखी सभासदाने तीन ओळींत त्याचे शवविच्छेदन केले. शटर स्पीड १/४०० सेकंद असल्यामुळे डोके जेमतेम स्पष्ट असले तरी पंखांची टोके पुसली गेली आहेत. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० च्या आसपास जावे आणि त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू द्यावा. शिवाय चौकटीचा बहुतेक भाग गडद पाण्याने व्यापल्यामुळे कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने दृश्य उजळवले आणि पाठीवरच्या पांढऱ्या पिसांतला तपशील उडाला; एक्स्पोजर (फोटोत घेतलेला प्रकाश) पाऊण स्टॉपने, म्हणजे प्रकाशाच्या मापाच्या पाऊण पायरीने, खाली आणायला हवे होते. मी फोटो शंभर टक्के आकारात उघडून पाहिला, तर पाठीच्या जागी खरोखरच कोरा पांढरा डाग होता. मागे दिसणारा मासेमारीच्या जाळ्याचा बांबू काढून टाकण्याची त्याची तिसरी सूचना मात्र मी मानली नाही, कारण त्या पाण्यावर पक्ष्यांइतकाच मच्छीमारांचाही वावर असतो आणि तो बांबू मला तिथे हवाच होता.

हा लाभ आपोआप होत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. नुसता फोटो चढवून वाट पाहिली, तर चार पसंत्या आणि एखादे ‘सुंदर टिपले आहे’ यापलीकडे सहसा काही येत नाही. अनेक गटांत ‘एक फोटो टाका, दोघांच्या फोटोंवर लिहा’ असा नियम असतो. त्याची पूर्तता बरेच जण तयार स्तुतिपर चित्रे चिकटवून करतात आणि अशा गटांतून शिकण्यासारखे फारसे मिळत नाही. गट निवडताना त्याचे सभासद किती आहेत यापेक्षा तिथल्या मागच्या वीस अभिप्रायांत कारणे दिलेली आहेत का, हे पाहावे. फोटोखाली एक नेमका प्रश्न लिहिल्यास उत्तरही नेमके येते, ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ याहून वेगळे उत्तर कोण देणार? आणि इतरांच्या फोटोंवर सविस्तर लिहिणाऱ्याच्या फोटोकडे लोक परत येतात, हा माझा अनुभव आहे.

दररोज सुमारे ५०० फोटो निवडणाऱ्या ‘एक्सप्लोर’ या दालनाच्या मागे मात्र लागू नये. ती निवड संगणकीय पद्धतीने होते आणि तिथे झळकल्याने गर्दी वाढते, अभिप्रायाचा दर्जा नव्हे.

हक्कांच्या बाबतीत व्यवस्था समाधानकारक आहे. सर्व हक्क राखून ठेवता येतात किंवा प्रत्येक फोटोला क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना ठरावीक अटींवर वापराची मुभा देणारा) वेगळा परवाना देता येतो. स्थळाची माहिती लपवण्याचीही सोय आहे आणि पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. घरट्याचे ठिकाण नकाशावर उघड करणे म्हणजे तिथे उद्या कॅमेऱ्यांची रांग लावण्यासारखेच आहे.

२०१९ पासून मोफत खात्यावर १,००० फोटोंची मर्यादा आहे. त्यापुढे सशुल्क प्रो खाते घ्यावे लागते. साठवणुकीसाठी ही मर्यादा तोकडी आहे आणि मूळ फाइली घरच्या हार्ड डिस्कवरच असाव्यात. तपासून घेण्यासाठी मात्र ती पुरेशी आहे: चार वर्षांत माझे ३१२ फोटो तिथे आहेत, त्यांत रोहित पक्ष्याचे सात, आणि तो पहिला, पाठीवर पांढरा डाग असलेला फोटो खालच्या अभिप्रायासह अजून तिथेच आहे.