पहिल्या महायुद्धाचे ‘मूळ’ फोटो म्हणून विकली जाणारी गेममधली चित्रे

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर गेलेल्या मराठा पलटणींचे ‘मूळ फोटो’ म्हणून जे काही विकले जाते, त्यातली काही चित्रे व्हिडिओ गेमच्या पडद्यावरून उचललेली आणि मग जुनी भासतील अशी रंगवलेली असतात. आमच्या कुटुंबाने अशा चार प्रतींसाठी १८,००० रुपये मोजले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून त्या काळी माणसे पलटणीत गेली, त्यांना ही लबाडी नेमकी कशी चालते हे कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे पणजोबा ११७व्या मराठा पलटणीत होते. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव येथे उतरली, पुढे तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली आणि माघारीत कुट या गावी वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड यांच्या शरणागतीने संपला. सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांतली हजारो परतली नाहीत. पणजोबाही परतले नाहीत. त्यांचे नाव कोरलेले ब्राँझचे बशीएवढे गोल स्मृतिपदक सरकारकडून घरी आले, ते आजही देवघरात आहे. फोटो मात्र एकही नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे, पण सामान्य भारतीय शिपायांची नावे तिथे कोरलेली नाहीत, पलटणीपुढे केवळ आकडा आहे. ज्या घराकडे माणसाचा चेहरा नाही आणि दगडावर नावही नाही, त्या घराला कोणी फोटोची आशा दाखवली तर ते घर काय करील, याचा अंदाज विक्रेत्याला पुरता असतो.

या विक्रेत्याने सुरुवातीला एकही फोटो दाखवला नाही. त्याने आधी आस्थेने चौकशी केली: पलटण कोणती, गाव कोणते, कुटला होते की आधीच जखमी झाले, घरी काही कागदपत्रे आहेत का. आपल्याकडे एका इंग्रज अधिकाऱ्याचा आल्बम आला असून तो पाहून कळवतो, असे म्हणून तो काही काळ गप्प राहिला. मग एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो आले आणि आम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांत होती. फावचा किल्ला होता, नदीकाठचा खंदक होता, फेटा बांधलेले शिपाई होते आणि एका प्रतीच्या मागे शाईने ‘११७ मराठा, कुट’ असे इंग्रजीत लिहिलेले होते. दुसरे एक गिऱ्हाईक थांबले आहे, असे सांगून त्याने त्याच रात्री पैसे मागितले. जो माल तुमच्याकडून माहिती घेतल्यानंतर सापडतो, तो बहुतेक वेळा त्या माहितीवरूनच घडवलेला असतो. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

प्रती कुरिअरने आल्या. त्यांच्या कडा पिवळट होत्या, कोपरे दुमडलेले होते आणि वासही जुन्या कागदाचा होता. माझ्या आत्याने त्यांतल्या एका शिपायाच्या चेहऱ्यात आपल्या वडिलांचे नाक शोधले. दिवाळीला घरी आलेल्या भाच्याने मात्र पहिलीच प्रत हातात घेऊन विचारले, “मामा, हा फाव फोर्ट्रेस तुम्हाला कुठे मिळाला?” ‘बॅटलफिल्ड १’ हा २०१६ साली आलेला गेम तो खेळलेला आहे, आणि त्यात या नावाचा एक नकाशा, म्हणजे खेळाडूंनी लढायचे एक रणांगण, आहे. त्याने लॅपटॉपवर तो उघडला आणि फोटोतल्या जागी उभे राहून दाखवले. तोच बुरूज, तीच ढासळलेली भिंत, मागचा तोच खडकाळ चढ. खरे फाव हे शत्त-अल-अरब नदीच्या मुखाजवळचे सपाट, चिखलाचे आणि खजुरीच्या बागांचे ठिकाण आहे. तिथे असला चढ नाही.

त्यानंतर आम्ही चारही प्रती भिंगाखाली पाहिल्या. गेममधल्या शिपायांच्या डोक्यावर फेटे नंतर चढवलेले होते. ऊन डावीकडून येत होते, नाकाची सावली उजव्या गालावर पडली होती, पण फेट्याची उजवी बाजू उजळ होती. एका शिपायाच्या बंदुकीचा पट्टा खांद्यावरून न जाता खांद्याच्या आतून गेलेला होता. वाळूच्या पोत्यांच्या रांगेत प्रत्येक चौथ्या पोत्यावर तीच शिवण आणि तोच डाग होता. कुटच्या म्हणून दिलेल्या फोटोत मागे दोघांच्या डोक्यावर पोलादी ब्रॉडी हेल्मेट होते. हे हेल्मेट १९१५ च्या अखेरच्या महिन्यांत फ्रान्सच्या आघाडीवर येऊ लागले; ते मेसोपोटेमियात पोचण्याआधीच कुटचे सैन्य वेढ्यात कोंडले गेले होते. सगळ्यांत ठळक पुरावा होता ओरखड्यांचा. फावच्या आणि नदीकाठच्या प्रतींवर एकाच जागी, एकाच वळणाचा, केसासारखा बारीक ओरखडा होता. दोन वेगळ्या निगेटिव्हवर असा ओरखडा जुळून येत नाही. जुनेपणाचा एकच तयार थर दोन्ही चित्रांवर पसरला की मात्र तो नेमका येतो.

घरच्या घरी करता येण्यासारख्या काही तपासण्या आहेत. त्या काळच्या खऱ्या फोटोत रंगछटा सलग असतात; छपाई यंत्रातून काढलेल्या प्रतीत दहापट भिंगाखाली शाईचे सुटे ठिपके दिसतात. जुन्या चांदीच्या लेपाच्या फोटोंत गडद भागांच्या कडेला पुष्कळदा निळसर धातूसारखी चकाकी आलेली असते आणि ती प्रत तिरकी धरली की कळते. बनावट नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तो अतिनील दिवा अंधारात कागदावर धरावा. फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी रसायने साधारण १९५० नंतर आली, त्यामुळे कागद निळापांढरा चमकला तर तो १९१५ चा नाही. कागद चमकला नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण जुने कोरे कागदही विकत मिळतात.

चित्राकडेही त्या काळच्या कॅमेऱ्याची मर्यादा ध्यानात ठेवून पाहावे. अनेक सैनिकांकडे असलेल्या व्हेस्ट पॉकेट कोडॅक या छोट्या कॅमेऱ्याचा पडदा (शटर) सेकंदाच्या पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या भागापुरता उघडत असे, त्यामुळे तोफगोळा फुटताना उडालेला एकेक खडा हवेत स्पष्ट टिपलेला दिसला तर शंका घ्यावी. त्या वेळच्या फिल्मवर निळा रंग फार उजळ उमटे, म्हणून आकाश बहुधा पांढरेफटक येई. आमच्या चारही प्रतींत ढगांची नक्षी नीट उमटलेली होती.

मोठमोठ्या यंत्रणांनीही अशी चित्रे पुरावा म्हणून पुढे केली आहेत. रशियाच्या संरक्षण खात्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये सीरियातले म्हणून प्रसिद्ध केलेल्या चित्रांपैकी एक मोबाईलवरच्या गेममधले निघाले होते. आपल्या गेमची दृश्ये युद्धाच्या बातम्यांत फिरतात म्हणून ‘आर्मा ३’ च्या निर्मात्यांना २०२२ मध्ये जाहीर खुलासा करावा लागला. गेममधून सुंदर, जुन्या धाटणीची चित्रे करणारे हौशी कलावंत बरेच आहेत आणि आपले काम ते गेमच्या नावासकट दाखवतात. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती मेलेल्या माणसाच्या नावाने, त्याच्याच वारसांना असले चित्र विकणाऱ्याबद्दल.

आम्ही सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे देऊन बरेच दिवस उलटले असल्यामुळे रक्कम गोठवता आली नाही. संशय आल्याबरोबर फोन केला तर ती वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. कुरिअरची पावती, सगळे संदेश, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि प्रती यांतले काहीही टाकून देऊ नये, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा उभा राहतो तो याच कागदांवर.

आमच्याकडच्या चार प्रतींत बुरुजाखाली उभे असलेले तीन शिपाई, नदीकाठच्या खंदकात वाकलेला एक जण, उंटाशेजारचा फेटेवाला नाईक आणि हेल्मेटवाल्या दोघांसह कुटची गल्ली अशी दृश्ये आहेत. पहिल्या दोन्ही प्रतींत वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खाली आलेला इंग्रजी ‘एस’ सारखा ओरखडा आहे. यांतले एखादे चित्र तुमच्या घरात, गावच्या स्मारकाच्या फलकासाठी किंवा शाळेच्या स्मरणिकेसाठी आले असेल, तर छापण्याआधी तो कोपरा पाहा.