शाहूपुरीतलं ब्रेव्हे सर्व्हिसिंग: चाकाला पैकीच्या पैकी, हवेला काठावर पास

ब्रिटिश सायकलपटू टॉमी गॉडविनने १९३९ साली स्टीलच्या सायकलवर १,२०,८०५ किलोमीटर काढले, म्हणजे रोजचे ३३० च्या घरात. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. सैल स्पोक तेवढ्यातही घात करतो. या दुकानात मागचं चाक स्पोकचा ताण मोजणारं टेन्शन मीटर लावून ट्रू, म्हणजे न डुलणारं, करतात, गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणून. नुसत्या टिचकीवर भागवत नाहीत, हे विशेष. ११ स्पीडची चेन गेजवर ०.५ टक्के ताणलेली दिसली की बदला म्हणतात. ऐकावं, नाहीतर कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) जाते. पावसाळ्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरणार असाल तर ब्रेक पॅड आवर्जून बघायला सांगा; चाकाच्या कडेवर (रिमवर) दाबणाऱ्या रिम ब्रेकमध्ये ओली रेती पॅड आणि रिम दोन्ही खाते.

हवेचं मात्र गणित चुकतं. २८ मिमी टायरला सरसकट १०० पीएसआय! सत्तर किलोच्या माणसाला ७५-८० पुरे, नाहीतर खड्ड्यांत मनगटं जातात. १८९१ च्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत शार्ल तेरों ७१ तास २२ मिनिटांत जिंकला तो मिशेलिनच्या काढता येणाऱ्या, हवेच्या टायरवर. टायर दगड करायचा असेल तर हवा कशाला?

दर थोडा चढा. शनिवारी गर्दी, सायकल गुरुवारीच टाका.