ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी: काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

माझ्या गाडीत जनरल मोटर्सचा टीएच-३५० गिअरबॉक्स आहे. १९६९ च्या मॉडेलपासून आलेला, तीन गिअरचा, पूर्णपणे तेलाच्या दाबावर चालणारा. त्याची मूळ व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) काढून फुल मॅन्युअल (प्रत्येक गिअर चालकानेच लिव्हरने बदलायचा), रिव्हर्स पॅटर्नची (लिव्हरवर गिअरांचा क्रम उलटा) बॉडी बसवली, त्याला आता बरेच महिने झाले. गर्दीत, पावसात, मोकळ्या रस्त्यावर, डोंगरउतारावर, सगळीकडे चालवून झाली आहे. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या कौतुकावरून या कामाचा अंदाज येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ रचनेत गव्हर्नर गाडीच्या वेगानुसार तेलाचा दाब वाढवतो, व्हॅक्यूम मॉड्युलेटर इंजिनवर किती भार आहे ते कळवतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत शिफ्ट व्हॉल्व्ह सरकून गिअर बदलतो. मॅन्युअल बॉडीत ही ओढाताणच संपते. लिव्हर ज्या खाचेत, तोच गिअर. किकडाउनच्या (ॲक्सिलरेटर तळाशी दाबला की खालचा गिअर लावणाऱ्या) केबलला काही काम राहत नाही. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) मात्र तसाच असतो, त्यामुळे क्लच पेडल लागत नाही आणि सिग्नलला इंजिन बंद पडत नाही.

बहुतेक जण हे काम पिकअपसाठी करतात. मला खरा फायदा मिळाला तो उतारावर आणि वळणांवर. मूळ गिअरबॉक्स डी (ड्राइव्ह) मध्ये असताना दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आतला रोलर क्लच (एकाच दिशेने जोर धरणारा) मोकळा सुटतो आणि इंजिन गाडीला धरतच नाही. माझ्या बॉडीत दुसऱ्या गिअरला ओव्हररन बँडही (पाय काढल्यावरही गिअर धरून ठेवणारा पट्टा) लागतो, त्यामुळे इंजिन गाडी आवरतं. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही. वळणात शिरताना घेतलेला गिअर वळणातून बाहेर पडेपर्यंत तोच राहतो, मधेच वरचा पडून गाडी सैल होत नाही. या एका गोष्टीसाठी मी हे काम पुन्हा करेन. पण सगळ्या मॅन्युअल बॉडी इंजिन ब्रेकिंग देत नाहीत. काही फक्त सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी बनवलेल्या असतात आणि त्यात ते मुद्दाम वगळलेलं असतं. घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच.

दुसरा प्रश्न दाबाचा. माझ्या बॉडीच्या सूचनेप्रमाणे मॉड्युलेटर जागेवर ठेवून त्याची व्हॅक्यूमची नळी काढायची आणि इंजिनकडचं तोंड बंद करायचं असतं. व्हॅक्यूम नसलं की मॉड्युलेटरच्या लेखी ॲक्सिलरेटर कायम तळाशी, म्हणून दाब सतत पूर्ण. जोरात चालवताना हे उत्तम: क्लच घसरत नाहीत, गिअर खटकन बसतो. हळू चालवताना मात्र पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी धक्का बसतो. मागे बसलेल्यांना तो नक्की जाणवतो. गिअर टाकताना ॲक्सिलरेटर किंचित सोडला की धक्का बराच कमी होतो. हाताला आणि पायाला ती लय बसायला वेळ लागतो, पण बसते. मॉड्युलेटर चालू ठेवणाऱ्या बॉडीही मिळतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी आज निवडायची झाली तर मी तीच निवडेन.

तिसरी गोष्ट उष्णता, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. थांबल्यावर गिअरबॉक्स आपोआप पहिल्यावर येत नाही. लिव्हर तिसऱ्यावर राहिला तरी गाडी उठते, कारण कन्व्हर्टर घसरून वेळ मारून नेतो, पण ती सगळी घसरण तेलात उष्णता होऊन उतरते. एरवी ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर राहणारं तेल गर्दीत ११० च्या वर जाताना मी काट्यावर पाहिलं आहे. मोठा ऑइल कूलर लावला आणि प्रत्येक थांब्यावर पहिला गिअर घेण्याची सवय लावली, तेव्हा काटा स्थिरावला. तेलाच्या तापमानाचा मीटर या कामाचाच भाग समजा.

एक संरक्षणही जातं. मूळ बॉडीत वेगात असताना लिव्हर १ वर नेला तरी गव्हर्नरचा दाब पहिला गिअर लागू देत नाही. मॅन्युअल बॉडी निमूट ऐकते. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.५२ आणि तिसऱ्याचं १.००, म्हणजे तिसऱ्यावर २,३०० आरपीएमला चाललेलं इंजिन पहिला पडताच ५,८०० च्या आसपास फेकलं जातं. ही गाडी कुणाच्या हाती देताना हे सांगून द्यावंच लागतं.

रिव्हर्स पॅटर्नबद्दल थोडक्यात: न्यूट्रलनंतर आधी १, मग २, मग ३, म्हणजे वरचा गिअर लिव्हर मागे ओढून. यात दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना चुकून न्यूट्रल पडण्याची भीती नाही. शिफ्टर मात्र त्याच पॅटर्नचा हवा, नाहीतर पट्टीवर डी दिसतं आणि आत पहिला असतो.

बसवायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, ऑइल पॅन काढून खालूनच काम होतं. वेळ जातो तो स्वच्छतेत. जुनी आणि नवी सेपरेटर प्लेट (व्हॉल्व्ह बॉडी आणि गिअरबॉक्स यांच्या मधली भोकांची प्लेट) शेजारी ठेवून भोकं जुळवून पाहा, चेक बॉल (तेलाची वाट एका दिशेने बंद करणाऱ्या छोट्या गोळ्या) सूचनेतल्या जागीच ठेवा (व्हॅसलीन लावलं की गळून पडत नाहीत), आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. पहिलं तेल लवकर बदला. पॅनमधल्या चुंबकावर मऊ राखाडी लेप असेल तर ठीक. कीस किंवा तुकडे दिसले तर गाडी चालवणं थांबवा.

रोज गर्दीतून जाणारी, घरातले तिघे-चौघे चालवणारी गाडी असेल तर फुल मॅन्युअल घेऊ नका. डी मध्ये ऑटोमॅटिक राहून १ आणि २ पक्के धरून ठेवणारी व्हॉल्व्ह बॉडी मिळते, तिच्यात उतारावरचा बराचसा फायदा येतो आणि थांबल्यावर पहिला आपोआप लागतो. ४एल६०-ई सारखा सोलेनॉइडवर (विजेने उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हवर) चालणारा गिअरबॉक्स असेल तर मार्गच वेगळा: स्वतंत्र कंट्रोलर लावून पॅडल किंवा बटणांनी गिअर बदलता येतात, आणि तेलाचा दाब भारानुसार कमी-जास्त करायचं काम संगणकाकडेच राहतं.