स्टीलचा फिल्टर आणि दारातला पेपर: पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा अनुभव

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या पुण्यातल्या घरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या: स्टीलचा कॉफी फिल्टर आणि रोजचा मराठी पेपर. रोज दोन्ही एकदमच वापरात असतात, म्हणून लिहितेयही एकत्रच.

पेपर खरं तर परत आला. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायला बंदी केली तेव्हा जो बंद झाला तो झालाच. बंदी उठेपर्यंत सगळ्यांना फोनची सवय लागली होती. पुन्हा लावला तो सासऱ्यांसाठी. बाबा आमच्याकडे राहायला आले आणि मोबाईलवरची अक्षरं मोठी केली की ओळच पडद्याबाहेर जाते, अशी त्यांची तक्रार सुरू झाली.

आधी फिल्टरबद्दल. तळाला भोकं असलेल्या वरच्या भांड्यात तीन चमचे पावडर, त्यावर दांडीची चकती हलकेच ठेवायची आणि उकळी बसलेलं पाणी ओतून झाकण लावायचं. चकती दाबली की संपलं, थेंबच पडत नाही. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खालच्या भांड्यात उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई असेल त्या दिवशी हे यंत्र अत्यंत निरुपयोगी आहे, त्या दिवशी सरळ चहा टाकावा. महिना-दीड महिन्याने भोकं बुजतात. ब्रशने निघत नाहीत, वरचं भांडं चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर तापवलं की अडकलेली पावडर जळून मोकळी होते. गरम असताना दोन्ही भांडी एकमेकांत घट्ट बसतात, तेव्हा फडक्याशिवाय हात लावू नका.

पावडर मी ऐंशी-वीस घेते, म्हणजे वीस टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड). सत्तर-तीसही आणून पाहिली. रंग झकास येतो, दाटपणा येतो, पण मागे जिभेवर कडवट गूळ राहतो. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे उतरायलाही वेळ लागतो. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचूनच घ्यावं. बाबा मात्र या सगळ्या शास्त्रावर पाणी ओतून कपात जायफळ किसतात. कॉफीच्या मळ्यांच्या चिकमगळूरमधल्या माणसाने बघितलं तर फिल्टर परत मागेल. मी एकदा चाखून बघितलं, आणि वाईट लागत नाही हे त्यांना सांगितलेलं नाही.

ती पंधरा-वीस मिनिटं पेपरची. आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: देशाच्या आणि जगाच्या बातम्यांसाठी पेपर लावू नका. पहिल्या पानावरचं सगळं आदल्या रात्रीच फोनवर येऊन गेलेलं असतं. पैसे वसूल होतात ते आतल्या शहराच्या पानांवर. ऑगस्टमध्ये महापालिकेची प्रारूप प्रभागरचना आली. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हातात असलेल्या शहरात निवडणुका एकदाच्या होणार, एवढंच फोनने सांगितलं. कुठला नाला, कुठला चौक, रस्त्याची कुठली बाजू कोणत्या प्रभागात, हे पेपरात बारीक टायपात होतं. बाबांनी टेबलावर पान पसरून पेनाने हद्द गिरवली तेव्हा कळलं, की आमची सोसायटी आणि समोरची भाजी मंडई वेगवेगळ्या प्रभागांत गेलीय. जानेवारीत मतदान होईपर्यंत ते पान फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

कॉफीच्या बातम्याही याच काळात वाचायला लागले. अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ऑगस्टपासून ५० टक्के शुल्क लावलं, नोव्हेंबरमध्ये कॉफीला त्यातल्या जादा शुल्कातून सूट दिली. दोन्ही वेळा आतल्या पानावर दोन कॉलमची बातमी. बाबांनी लगेच विचारलं, "मग आपली पावडर स्वस्त होणार का गं?" नाही झाली. २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला तो इन्स्टंट कॉफीवरचा, १८ वरून ५ टक्के. भाजलेल्या कॉफीवर तो आधीच ५ होता, त्यामुळे आमच्या दळणाऱ्या दुकानदाराने पाटीवरचा आकडा हलवला नाही. पेपरला मात्र त्या सुमाराला दरकपातीच्या जाहिरातींचा पूर आला होता.

जाहिराती हीच माझी मोठी तक्रार. सणासुदीला पहिलं पान शोधावं लागतं. वरती मोटारीचं जॅकेट, ते उलटलं की फ्लॅटचं, मग कुठे मुख्य बातमी. पावसाळ्यात ओला पेपर हा ठरलेला त्रास. पेपरवाल्या काकांना सांगितल्यावर ते पिशवीत घालून टाकायला लागले, पण रविवारची पुरवणी त्या पिशवीत मावत नाही. आणि गणपती, दसरा, दिवाळीच्या सुट्टीनंतर अंक नसतो, त्या सकाळी बाबा दाराशी दोनदा जाऊन येतात.

त्यांचं वाचन निधनवार्तांपासून सुरू होतं, मग शब्दकोडं, मग अग्रलेख. मी उलट. अग्रलेखावर आमचं क्वचितच जमतं आणि कॉफी त्यात गार होते. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ असते, बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची ते सांगणारी. ती मी आता मुद्दाम वाचते. फोनवर आलेल्या बातमीखाली असं कोणाचं नाव शोधून बघा.

खर्च म्हणाल तर महिन्याचं पेपरचं बिल मॉलमधल्या एका कॉफीपेक्षा कमी येतं, आणि रद्दीचे थोडे परत मिळतात. भजी निथळायला तो कागद वापरत नाही, शाईमुळे. कॉफीचा उरलेला चोथा त्यावर वाळवून कढीपत्त्याच्या कुंडीत घालते.

घ्यायचं असेल तर फिल्टर लागेल त्यापेक्षा मोठा घेऊ नका, अर्धा भरला की डिकॉक्शन पातळ उतरतं. पेपर आधी एक महिना लावून बघा, वार्षिक योजनेतली भेटवस्तू बघून वर्षाचे पैसे भरू नका. आमच्या शेजाऱ्यांच्या माळ्यावर तसली बॅग अजून पाकिटातच आहे.