पसंतीक्रमाचं मतदान: मोजणी चोख, मतपत्रिका नाठाळ

पदवीधर मतदारसंघात पहिल्यांदा गेलेला मतदार ईव्हीएम शोधतो. हातात पडते कागदी मतपत्रिका आणि जांभळा स्केचपेन. खिशातलं पेन चालत नाही. आवडत्या नावापुढे 1, मग 2, 3. आकडे मराठी, इंग्रजी, रोमन कुठलेही चालतात. पण टिकमार्क, सही किंवा दोघांपुढे 1 असेल तर मत बाद. 1 लिहून 2 गाळला आणि थेट 3 घातला, तर फक्त पहिली पसंती धरतात. या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा हाच.

मोजणीला मात्र नावं ठेवता येत नाहीत. वैध मतं 80,000 असतील तर कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, निम्म्याहून एक जास्त: 40,001. तो कुणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बाकीच्यांना. उमेदवार वीस-पंचवीस असले की फेऱ्या संपता संपत नाहीत, निकाल दुसऱ्या दिवसावर जातो.

दुसऱ्या पसंतीचं वजन बघायचं तर 1969ची राष्ट्रपती निवडणूक घ्या. तिथे आमदार-खासदारांच्या प्रत्येक मताला ठरलेलं वजन असतं, ते मतमूल्य. त्याचा कोटा 4,18,169. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी 4,01,515, नीलम संजीव रेड्डी 3,13,548 आणि आपले सी. डी. देशमुख 1,12,769. देशमुखांची बहुतेक दुसरी पसंती रेड्डींकडे वळली, तरी गिरी 4,20,077 वर पोचले. रेड्डी 4,05,427 वर थांबले. दोघांची बेरीज एकूण मतमूल्यापेक्षा सुमारे 10,800 नी कमी भरते. ती मतं पुढची पसंतीच नसल्यामुळे वाटेतच गळाली. अशी गळती वाढली तर शेवटचा उरलेला उमेदवार कोटा न गाठताही निवडून येतो, आणि ‘निम्म्याहून अधिकांचा कौल’ ही जाहिरात तिथे फसते.

आणखी एक खोट आहे. सगळ्यांना चालणारा, पण पहिली पसंती कमी असलेला उमेदवार लवकर गळतो. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ऑगस्ट 2022च्या पोटनिवडणुकीत बेगिच हे पेल्टोला आणि पेलिन या दोघींनाही समोरासमोर भारी पडले असते, पण तिसरे आल्याने बाद झाले आणि पेल्टोला जिंकल्या.

तरीही ‘ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी’ या नेहमीच्या पद्धतीपेक्षा ही बरी, कारण मतविभागणीची भीती बरीच कमी होते. कार्यकर्ते ‘फक्त 1 लिहा’ सांगतात, ते ऐकू नका. तुमचा 2 उघडतो तो 1 वाला बाद झाल्यावरच, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. जो अजिबात नको, त्याचाच रकाना कोरा सोडा.